बिघडलं तर कुणाकडे यायचं

लग्नाचे फोटो काढायला नव्याने लागलेली मंडळी मला विचारतात, ‘सर, कुठल्या कंपनीचा कॅमेरा घेऊ?’ सर म्हणतात ते मला बरं वाटतं. मी बी.कॉम. आहे. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

उत्तर मात्र मला नीट देता येत नाही. आमच्या धंद्यात एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला बसत नाही. पहिला कॅमेरा ज्या कंपनीचा, तिच्याच लेन्स घेत जायच्या, आणि लेन्स जमल्या की पुढचा कॅमेराही तिचाच. पाच-सात वर्षांत माणूस पुरता त्या घरचा होतो. मग हुबळी-धारवाडच्या कुठल्याही मांडवात दोन कंपन्यांचे फोटोग्राफर समोरासमोर आले की सुरू होतं. ‘तुमच्या कॅमेऱ्यात नवरी कावीळ झाल्यासारखी दिसते.’ ‘आणि तुमच्यात भटजी दारू पिऊन आल्यासारखे लाल.’ मीही हे बोललोय. हिरीरीने बोललोय. पण ही कंपनी मी निवडलेली नव्हती. ती अप्पांनी निवडली होती, आणि कॅमेऱ्याकडे न बघता.

अप्पा म्हणजे माझे वडील. हुबळीच्या दाजीबानपेठेत एका कापडाच्या दुकानात त्यांनी तिशीपासून साठीपर्यंत साड्या उलगडल्या आणि घड्या घातल्या. दुकान दुसऱ्याचं, घड्या यांच्या. मी धारवाडला कॉलेजात असताना कॅमेऱ्याचा हट्ट धरला, तेव्हा ते मला कोप्पीकर रोडवरच्या एका दुकानात घेऊन गेले. तिथल्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. घरात कन्नड बोलणारे, पण आमच्याशी मराठी बोलायचे, आणि घाई असली की पुन्हा कन्नडवर जायचे.

अण्णांनी काचेवर दोन कॅमेरे ठेवले. कापडाला हात लावल्याशिवाय एक शब्द न बोलणारे अप्पा दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. मला वाटलं आता किमतीवर घासाघीस करतील. त्यांनी विचारलं, ‘बिघडलं तर कुणाकडे यायचं?’

अण्णांनी एकावर बोट ठेवलं. ‘ह्याचं सर्व्हिस सेंटर बेंगळुरात. पत्ता लिहून देतो.’

‘आणि ह्याचं?’

‘ह्याचं पण बेंगळुरातच. पण ह्या कंपनीची डीलरशिप माझ्याकडं. माझ्याकडं यायचं. ना अदीनल्री.’ मी आहे की, असं म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवला.

‘मग हाच द्या,’ अप्पा म्हणाले.

बाहेर आल्यावर मी चिडलो. दुसऱ्यात जास्त सोयी होत्या, मी सगळं वाचून आलो होतो. अप्पा म्हणाले, ‘सोयी तू बघ. मी माणूस बघितला.’

त्यांचं सगळं आयुष्य त्यावरच चाललं होतं. कलघटगीकडची घरं लग्नाचा बस्ता बांधायला दुकानात येत आणि ‘ते मराठी अप्पा कुठं आहेत’ म्हणून विचारत. ते जेवायला गेले असतील तर थांबत. एकदा एक बाई पहिल्याच धुण्यात रंग गेलेली साडी घेऊन आली आणि दारातच ओरडायला लागली. मालक आतून म्हणत होते की गरम पाण्यात घातली असणार, परत घेऊ नका. अप्पांनी बाईला आधी बसायला दिलं, पाणी दिलं, आणि साडी पूर्ण उलगडून, जणू पहिल्यांदाच दाखवतोय अशी, तिच्यापुढे पसरली. ती बाई गप्प झाली. साडी बदलून मिळाली. गरम पाण्याचं तिनं स्वतःच कबूल केलं, पुढच्या खेपेला, हसत. मी तेव्हा शाळेत होतो आणि दुकानात डबा द्यायला गेलो होतो. मला त्यात विशेष काही दिसलं नव्हतं.

पहिल्या कॅमेऱ्यानंतर दुसरा आला, लेन्स आल्या, आणि मागच्या वर्षी मी नवीन, आरसा नसलेला कॅमेरा घेतला. कंपनी तीच, अण्णा तेच. ह्या नव्या कॅमेऱ्यात लेन्स काढली की आतला नाजूक भाग समोर उघडाच दिसतो, म्हणून लेन्स काढली की लगेच टोपण लावायचं असतं. हे मला पक्कं माहीत होतं. गॅरंटीचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा हुबळीत मी एकटाच असेन. बाहेरची वस्तू आत गेली तर गॅरंटी लागू नाही, हेही त्यात होतं. मी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती.

मग खंडेनवमी आली. इकडे तिला आयुधपूजा म्हणतात, आणि त्या दिवशी हुबळीत ज्याच्या त्याच्या हत्याराला कुंकू लागतं, रिक्षांपासून झेरॉक्सच्या मशीनपर्यंत. अप्पांनी तोवर काम सोडलं होतं. हाताला कंप सुटला होता. कापड धरताना तो लपत नव्हता, म्हणून त्यांनीच सोडलं. दुकानातली पूजा गेली, तेव्हा घरच्या पाटावर त्यांनी आपली कात्री आणि लोखंडी मीटर मांडला. कात्री दोन्ही पाती पसरून, उघडी. शेजारी माझा कॅमेरा.

‘हे सगळं जोडून काय ठेवलंस?’ अप्पा म्हणाले. ‘सुटं सुटं मांड. प्रत्येकाची वेगळी पूजा.’

मी लेन्स काढली, फ्लॅश काढला, आणि कॅमेऱ्याला टोपण लावलं.

‘ते काय?’

‘टोपण. आत धूळ जाते, अप्पा.’

‘देवापुढं झाकून? मिटलेल्या कात्रीला कसली पूजा?’

मी बोलणार होतो. पण दोनच दिवसांपूर्वी, पाहुणे बसलेले असताना, मी त्यांना औषधाच्या गोळ्यांवरून टोकलं होतं. सकाळची गोळी त्यांनी संध्याकाळी घेतली होती. पाकिटावरचं इंग्रजी मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, ‘तू साहेब. आम्ही अडाणी.’ पाहुणे हसले होते. मीही हसलो होतो. ते हसणं दोन दिवस घरात फिरत होतं. म्हणून मी टोपण काढलं. कॅमेरा हातात धरला, तोंड वर करून, आणि म्हणालो, ‘पटकन लावा.’

अप्पांनी करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं. ते बोट कॅमेऱ्यापर्यंत येईस्तोवर थरथरत होतं. कपाळावर लावावं तसं त्यांनी कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला लावलं, नीट लावलं, पण वाटेत थोडं कुंकू कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडात पडलं. मी ते पडताना बघितलं. नंतर रबरी फुग्यानं हवा मारली, आणि कदाचित त्यामुळेच ते आणखी आत गेलं. तेव्हा वाटलं, निघालं.

पूजा झाल्यावर अप्पांना पांढऱ्या भिंतीपुढे खुर्चीवर बसवून मी त्याच कॅमेऱ्याने एक फोटो काढला.

मार्गशीर्षात अप्पा गेले. सकाळी, दवाखान्यात, मी चहा आणायला खाली गेलो होतो तेव्हा. मला काही झालं नाही. असं लिहिताना चांगलं वाटत नाही, पण तसंच होतं. मी कागदांवर सह्या केल्या, फोन केले, कुणी काय विचारलं त्याला उत्तरं दिली. लोक म्हणाले, शिकलेला मुलगा, किती धीरानं घेतलं. तो धीर नव्हता. काहीच नव्हतं.

दिवसांसाठी फ्रेम करायची म्हणून आईने फोटो मागितला. मी तो भिंतीपुढचा शोधून काढला. अप्पांच्या डोक्याच्या वर, भिंतीवर, एक काळपट ठिपका होता, कडेला धूसर. असे ठिपके कॅमेऱ्यात धूळ गेली की येतात. कॉम्प्युटरवर तो पुसायला दोन सेकंद लागतात. मी पुसला आणि फोटो छापायला दिला.

लग्नसराईत तो ठिपका प्रत्येक मोकळ्या आभाळात यायला लागला. मी प्रत्येक फोटोत तो पुसत होतो. फेब्रुवारीत कलघटगीच्या एका लग्नात, अक्षता पडत असताना, कॅमेऱ्याने विचित्र आवाज केला आणि शटर अर्ध्यात अडकलं. जुन्या कॅमेऱ्यावर ते लग्न निभावलं. मांडवातल्या दुसऱ्या कंपनीच्या फोटोग्राफरांना जेवताना विषय मिळाला.

‘ये की आता आमच्यात. आमच्या कंपनीचं एक्स्चेंज चालू आहे. जुनं सगळं द्यायचं, नवं घ्यायचं.’

‘कंपनी काय त्याची सोयरी आहे, सोडायला लाज वाटते त्याला.’

मी हसलो नाही आणि चिडलोही नाही. दुसऱ्या दिवशी खरंच त्या कंपनीच्या दुकानात गेलो. दुकान गार होतं. विकणाऱ्यानं कॉफी मागवली, कॅमेरा हातात दिला, आणि तो खरोखर चांगला होता. मी विचारलं, ‘बिघडलं तर कुणाकडे यायचं?’ तो म्हणाला, ‘कुठंच यायला नको सर, अ‍ॅपवर रिक्वेस्ट टाकायची.’ चुकीचं काही बोलला नाही तो. आता आमच्याही कंपनीचं तसंच झालं आहे. कॉफी पिऊन मी अण्णांकडे गेलो.

अण्णांचं दुकान आता अर्धं मोबाईलच्या कव्हरांनी भरलंय. डीलरशिप आहे, पण दुरुस्तीत त्यांच्या हाती खोकं बांधण्यापलीकडे काही राहिलेलं नाही. त्यांनी कॅमेरा फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, माझ्या मोबाईलवरून अर्ज भरला, मला एक तिकीट नंबर आला. नंतर रोज मेसेज. आपला कॅमेरा मिळाला. आपला कॅमेरा तपासला जात आहे. मग अण्णांच्या ईमेलवर एक फोटो आला आणि त्यांनी मला बोलावून घेतलं.

शटर खूप मोठं करून दाखवलं होतं. काळ्या पातळ पात्यांच्या फटीत लाल कण. खाली लिहिलं होतं की आत बाहेरची पूड सापडली आहे, गॅरंटी लागू नाही.

‘हे लाल काय रे?’ अण्णांनी चष्मा वर केला. ‘गुलालात पडला होतास काय कुठं?’

‘कुंकू आहे,’ मी म्हणालो.

मी तो फोटो बराच वेळ बघत होतो. ठिपके पुसताना एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की मी काय पुसतोय.

संध्याकाळी सर्व्हिस सेंटरमधून एका बाईंचा फोन आला. बोलण्यावरून आमच्याच बाजूच्या वाटल्या, गदग-बागलकोटकडच्या. आधी ठरलेली वाक्यं बोलून झाली, मग त्यांनी आवाज जरा खाली आणून विचारलं, ‘आयुधपूजेदेन्री?’

‘हौदु,’ मी म्हणालो. हो, पूजेचंच.

‘दसऱ्यानंतर येतातच सर अशा केस,’ त्या कन्नडमधूनच सांगायला लागल्या. ‘हळद येते, गंध येतं. मागं एकात लिंबाचा रस गेला होता. आमचे इंजिनीअर स्वतःच्या मशीनला लावतात, ते सोडा. कुणी लावलं हो हे? तुम्ही?’

‘वडिलांनी.’

‘पुढच्या वर्षी सांगा त्यांना, टोपण लावून पूजा करा म्हणावं.’

‘सांगतो,’ मी म्हणालो.

मग त्यांनी नियम सांगितला. शटर पूर्ण बदलावं लागेल. पैसे भरून बदललं तर काढलेला जुना भाग माझा, हवा असेल तर पाठवतील. गॅरंटीत बदललं तर जुना भाग कंपनीचा. ‘आमच्याकडं तो मोडीत जातो,’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, विचार करून कळवतो. त्यांनी विचारलं, आमच्या सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का, एक ते पाच. मी पाच म्हणालो. त्यांची काही चूक नव्हती.

दोन-तीन दिवसांनी अण्णांचाच फोन. ये म्हणाले, काम झालंय. मी गेलो तेव्हा ते उभेच होते. वयामुळे हल्ली ते गिऱ्हाइकासाठीही उठत नाहीत.

‘कंपनीच्या वरच्या साहेबांशी बोललो. इतकी वर्षं माल विकतोय त्यांचा, कधी काही मागितलं नाही म्हटलं. ऐकलं त्यांनी. गॅरंटीत करून देतात. तू फक्त ह्यावर लिहून सही कर.’ त्यांनी एक कागद पुढे सरकवला. ‘कारण विचारलंय इथं. धूळ लिही.’

‘धूळ?’

‘धूळ. हुबळीत धुळीला काय तोटा? बाहेर उभा राहून श्वास घे, खोटं वाटणार नाही तुला.’

मी पेन घेतलं. माझं काम त्या एका शब्दावर अडलं होतं. कॅमेरा फुकटात परत, पुढच्या मुहूर्ताच्या आधी. आणि त्या पात्यांच्या फटीतलं कुंकू बेंगळुरातल्या कुठल्यातरी कचऱ्याच्या डब्यात.

‘नको, अण्णा.’

‘काय नको?’

‘गॅरंटीत नको. पैसे भरतो.’

अण्णांनी चष्मा काढला. ‘ग्रॅज्युएटला खोटं लिहायला लाज वाटते होय?’

हो म्हणालो असतो तर चांगलं दिसलं असतं. पण ते खरं नव्हतं. धूळ मी लिहिली असती. ‘जुना भाग मला परत पाहिजे,’ मी म्हणालो.

‘मोडका?’

‘हो.’

‘काय करणार त्याचं?’

‘माहीत नाही.’

‘आयुष्यात पहिल्यांदा कंपनीकडं तोंड उघडलं मी,’ अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज वर गेला होता, कव्हर बघणारी दोन गिऱ्हाइकं वळली. ‘तुझ्या अप्पांना मी शब्द दिला होता ह्याच काचेवर. मी आहे म्हणून सांगितलं होतं. इतक्या वर्षांत तुझं काही बिघडलंच नाही. आज बिघडलं तर तू मला करू देत नाहीस. का?’

तेव्हा मी त्यांना सांगितलं. कात्री, पाट, टोपण, थरथरणारं बोट. पडताना मी बघितलं, तेही सांगितलं. बँकेत अर्जातली माहिती सांगावी तसं सांगितलं, मला दुसऱ्या आवाजात येत नव्हतं. सांगताना मीच ऐकत होतो की हे सगळं फारच थोडं आहे, दोन मिनिटांत संपतं.

अण्णा बसले. कागद स्वतःकडे ओढला, माझ्या हातातलं पेन घेतलं.

‘काय लिहू?’

‘कुंकू.’

त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं. खाली मी सही केली. मग त्यांनीच बेंगळुरला फोन लावला आणि अर्धा तास वेगवेगळ्या माणसांना कन्नडमध्ये दरडावून सांगितलं की जुनं शटर आलंच पाहिजे, पुसायचं नाही, धुवायचं नाही, आहे तसं पाठवायचं. शेवटच्याला म्हणाले, ‘विसरलात तर मी स्वतः येतो घ्यायला.’ एवढ्या वर्षांत मी त्यांना कंपनीशी असं बोलताना ऐकलं नव्हतं.

आठवड्याने खोकं आलं. अण्णांनी ते माझ्यासमोरच कापलं. वर कॅमेरा, नवा असल्यासारखा पुसलेला. वरच्या बाजूला अप्पांनी लावलेला ठिपका इतके दिवस राहिला होता, थोडासा, बटणाच्या खाचेत. तोही नव्हता आता. ते काम बेंगळुरवाल्यांनी न सांगता केलं होतं. सगळ्यात खाली, बिलाला पिन करून, प्लॅस्टिकची छोटी पिशवी. पिशवीवर तिकीट नंबर. आत काडेपेटीपेक्षा जरा मोठी काळी चौकट आणि तिच्यात वाकलेली पाती.

अण्णांनी ती पिशवी उजेडाकडे धरली नाही, बघितलीही नाही नीट. माझ्या हातात दिली. ‘हे तुझं,’ म्हणाले.

घरी आलो. पिशवी अप्पांच्या कात्रीजवळ, कपाटात ठेवली. तिच्याकडे बघून काही होईल असं वाटलं होतं. झालं नाही. कात्री मिटलेली होती, आईनेच मिटून ठेवली असणार. मी ती तशीच राहू दिली.

दुरुस्तीहून आलेला कॅमेरा तपासायची एक साधी रीत आहे. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा आणि मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्यात ठिपके शोधायचे. खुर्ची बाजूला सरकवून मी त्याच भिंतीचा फोटो काढला. कॉम्प्युटरवर मोठा केला. वर बघितलं, जिथे तो असायचा तिथे. मग डावीकडे, मग खाली, मग पुन्हा वर.

आई दारातून म्हणाली, ‘नुसत्या भिंतीकडं काय बघत बसलायस मघापासून?’

‘कॅमेरा नीट झालाय का बघतोय.’

‘झालाय?’

‘झालाय,’ मी म्हणालो, आणि आणखी थोडा मोठा करून बघितला.